एलक्यू तसाच राहिला म्हणून प्रेरणाही तशीच राहिली, असं लिहू नका

प्रश्न थोडक्यात असा: अंडाशयं काढलेल्या विस्टार जातीच्या मादी रॅटला डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) रोखणारं औषध दिलं, लॉर्डोसिस कोशंट (एलक्यू, म्हणजे नर चढल्यावर मादी किती टक्के वेळा पाठ वाकवून प्रतिसाद देते) ९० च्या वरच राहिला. मग 'औषधाचा मादीच्या कामप्रेरणेवर परिणाम नाही' असं लिहिता येईल का?

नाही येणार. नर मागून चढतो, पुढच्या पायांनी तिच्या कुशी दाबतो. तो स्पर्श मज्जारज्जूत पोचतो, आणि इस्ट्रोजेनने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा वेंट्रोमीडियल भाग आधीच तयार करून ठेवला असेल तर तिची पाठ खाली वाकते, डोकं आणि पुठ्ठा वर येतो, शेपटी बाजूला होते. सेकंद-दीड सेकंदाचा मामला. ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे लॉर्डोसिस. १० चढायांपैकी किती वेळा ती दिसली, याची टक्केवारी म्हणजे एलक्यू. पळायला जागाच नसलेल्या पेटीत हा आकडा 'तिने अडवलं नाही' एवढंच सांगतो.

एलक्यू आणि प्रेरणा या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा सगळ्यात बोलका पुरावा मेंदूतल्या मिडियल प्रीऑप्टिक भागाचा. तो नष्ट केला तर एलक्यू घटत नाही, उलट वाढू शकतो. पण निसटायची सोय दिली की हीच मादी नरापासून लांब राहते आणि परत यायला वेळ लावते. डोपामिनचंही तसंच. तो रोखला की उड्या मारणं, झपकन धावून थबकणं, कान थरथरवणं या मादीच्या नराला बोलावणाऱ्या हालचाली कमी होतात, लॉर्डोसिस मात्र टिकतो, कधी लांबतोही. स्तब्ध उभं राहायला चपळाई लागत नाही ना!

म्हणून पेस्ड मेटिंग करा, म्हणजे नराजवळ कधी जायचं आणि कधी निसटायचं हे मादीच ठरवेल अशी चाचणी. पारदर्शक अॅक्रिलिकची आडभिंत, तळाशी साधारण ४ सेंमीची भोकं: मादी जाईल, नर अडकेल. नर अनुभवी आणि अंगाने मोठा घ्या. इथे एक फसगत ठरलेली. अंडाशयं काढलेल्या माद्यांचं वजन चढतं; शस्त्रक्रियेनंतर फार आठवडे गेले की मादीच भोकात अडते आणि तुम्ही ते 'टाळाटाळ' म्हणून नोंदवता. आधी दोन-तीन दिवस रोज १० मिनिटं तिला एकटीला ये-जा करू द्या. चाचणी अंधाराच्या पाळीत, मंद लाल दिव्यात, ३० मिनिटं. चढाई, प्रवेश आणि स्खलन यांनंतर ती २० सेकंदांच्या आत बाहेर पडली का, आणि परतायला किती वेळ लावला, हे वेगवेगळं नोंदवा. निरोगी मादीत उद्दीपन जितकं तीव्र तितकी परत यायची वेळ लांबते. सगळ्याची एकच सरासरी काढलीत तर हा चढता क्रम हरवतो, आणि खरी माहिती त्यातच असते.

अंडाशयं काढलेल्या मादीला हार्मोन बाहेरून द्यावे लागतात: इस्ट्राडायॉल बेंझोएट (इस्ट्रोजेनचा प्रकार) १० मायक्रोग्रॅम चाचणीच्या ४८ तास आधी, प्रोजेस्टेरॉन ५०० मायक्रोग्रॅम ४ तास आधी, दोन्ही ०.१ मिली तिळाच्या तेलात, कातडीखाली. तेल दाट असतं, सुई झटकन काढली की थेंब बाहेर येतो आणि डोस कमी पडतो. काही सेकंद थांबून काढा. नुसत्या इस्ट्राडायॉलवरही एलक्यू चांगला येऊ शकतो, उड्या आणि धाव मात्र प्रोजेस्टेरॉनशिवाय फारशी दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी पुन्हा प्रोजेस्टेरॉन देऊन चाचणी घेऊ नका, त्याचा प्रतिसाद दबलेला असतो. आठवड्याचं अंतर ठेवा.

अंडाशयं शाबूत असलेल्या माद्या वापरणार असाल तर स्मिअरच्या (योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन ऋतुचक्राची अवस्था ओळखायची तपासणी) नावांनी फसू नका. सकाळी नुसत्या केंद्रकहीन, शृंगी पेशी दिसल्या की वही 'इस्ट्रस' (माजाची अवस्था) म्हणते, पण मादी नराला प्रतिसाद देते ती रात्र तोवर उलटून गेलेली असते. सकाळच्या स्मिअरमध्ये केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर तो प्रोइस्ट्रस, इस्ट्रसच्या आधीची अवस्था. चाचणी त्याच संध्याकाळी, दिवे गेल्यावर.

मराठीत रॅट आणि माउस दोघांनाही उंदीर म्हणतात, तेव्हा हेही: हे वेळापत्रक माउसला जसंच्या तसं लावू नका. अननुभवी मादी माउस पहिल्या चाचणीत जवळपास काहीच दाखवत नाही, दर आठवड्याच्या फेऱ्यांनंतर एलक्यू वर चढतो.

आता तुमच्या औषधाचं. पेस्ड मेटिंगमध्ये परत यायची वेळ वाढली तरी लगेच प्रेरणेकडे बोट दाखवू नका. त्याच डोसवर, नर नसताना, मादी १० मिनिटांत भोकांतून किती वेळा ये-जा करते ते मोजा. तिथेही आकडा पडला असेल तर औषधाने आधी पाय मंद केलेत; डोस खाली आणून पुन्हा बघा.