प्रभुभोजनावरून ग्रुप फुटायला आलाय, काय करायचं?

परदेशातल्या एका मराठी ख्रिस्ती फेलोशिपमधल्या ताईंचं लांबलचक पत्र आलंय, सगळं देत नाही, सार सांगते. महिन्यातून एकदा काही कुटुंबं भाड्याच्या हॉलमध्ये जमतात, त्यात सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले आहेत, मेथडिस्ट आहेत, थोडी कॅथलिक घरं आहेत आणि अलीकडे पेंटेकॉस्टल चर्चला जाणारी तरुण जोडपीही यायला लागलीत. सगळं नीट चाललेलं. मग कोणीतरी म्हणालं आपण इथेच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, सुरू करूया. झालं, ट्रे समोर आला की कॅथलिक मंडळी मांडीवर हात ठेवून खाली बघत बसायची आणि शेजारचा माणूस ट्रे त्यांच्या डोक्यावरून पलीकडे द्यायचा. त्यात एका रात्री व्हॉट्सअॅपवर 'लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हेच' असा फॉरवर्ड पडला आणि आता दोन ग्रुप होणार अशी चिन्हं आहेत. मुलांनी तर केव्हाच यायचं सोडलंय. ताई विचारतात, आधी ऐक्य सांभाळू की आधी मुलं परत आणू?

ताई, पहिलं म्हणजे इतक्या खचू नका हो. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असे उपदेशकांच्या नावाने गट पाडणं खुद्द प्रेषित पौल जिवंत असतानाच चाललं होतं. आणि आपल्या सीएनआयचंच बघा ना, एकीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि सहा मंडळ्या प्रत्यक्ष एक झाल्या २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. चाळीस वर्षं! घोडं अडलेलं ते अशाच गोष्टींवर, पाळकाची दीक्षा कोणाची खरी, बिशप हवा की नको, बाप्तिस्मा कधी द्यायचा. बाप्तिस्म्याचं त्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. बाळाचा बाप्तिस्माही मान्य आणि कळत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेलाही मान्य, दोन्ही वाटा एकाच मंडळीत ठेवल्या, कारण आत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते आणि कोणाला हरवून कोणाला आत घ्यायचं नव्हतं. जे बिशप आणि पंडितांना चाळीस वर्षांनी जमलं ते रात्री अकराच्या फॉरवर्डने कसं जमणार? म्हणून अॅडमिनने सरळ सांगावं की बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं) हे विषय ग्रुपवर नकोत, बोलायचं तर समोरासमोर बसून बोलू. फॉरवर्ड टाकणाऱ्याला मात्र ग्रुपमधून काढू नका, काढलं की तो हुतात्मा होतो आणि दुसरा ग्रुप त्याच रात्री तयार.

आता प्रभुभोजन. माझं मत स्पष्ट सांगते, महिन्याच्या या सभेत ते ठेवूच नका. कॅथलिक लोक आडमुठेपणा करतायत असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, त्यांच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रॉटेस्टंट पाळकाच्या हातून त्यांना ते घेता येत नाही, आणि मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, आपल्या प्रॉटेस्टंटांनाही काही ठरावीक अपवाद सोडले तर मिळत नाही. हे दुःख खरंय, पण त्यावर 'आपल्यात काही फरकच नाही' असं म्हणून पांघरूण घालण्यात अर्थ नाही, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. फरक आहे, तो मान्य करा आणि जिथे फरक नाही तिथे जोर लावा. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? वेगवेगळ्या चर्चेसनी मिळून केलेल्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजात तर बाप्तिस्मा पुन्हा देण्यासारखं काहीही टाळावं असं लिहिलंय. तुमची पेंटेकॉस्टल जोडपी म्हणतील की पहिला बाप्तिस्मा मुळात बाप्तिस्माच नव्हता, मग 'पुन्हा' कसला. म्हणू द्या. ते त्यांनी त्यांच्या चर्चमध्ये मानावं, इथे कोणाच्या आईवडिलांनी भक्तीने केलेल्या गोष्टीला खोटं ठरवू नये, एवढं तरी नक्की मागता येतं.

१९५२ साली स्वीडनमध्ये लुंडला वेगवेगळ्या चर्चेसची परिषद झाली होती, तिथून एक विचार आला जो मी सगळ्यांना सांगत असते: श्रद्धेतल्या खोल मतभेदामुळे वेगळं राहणं भागच आहे तेवढंच वेगळं करावं, बाकी सगळं एकत्र करावं. या मापाने बघितलं तर तुमची यादी केवढी मोठी होते! वचन, गाणी, आजाऱ्याच्या घरी जाणं, नवीन आलेल्या विद्यार्थ्याला घर मिळेपर्यंत मदत, आणि मायदेशी कोणाची आई गेली आणि व्हिसामुळे जाता आलं नाही तर त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊन बसणं. अशा वेळी दार उघडणाऱ्याला तुम्ही मेथडिस्ट की कॅथलिक हे आठवतही नाही.

मुलांचं विचारलंत ना, तर ते ऐक्यापासून वेगळं काम नाहीच. मुलं भांडणं ऐकूनच गेलीयत, आणि राहिलेली दीड तासाच्या संदेशाने. संदेश वीस मिनिटांवर आणा, पाळकसाहेबांना वाईट वाटलं तरी. वेगळा यूथ प्रोग्रॅम वगैरे काढू नका, नव्याचे नऊ दिवस, त्यापेक्षा हातात खरं काम द्या. मराठी वाचता येत नसेल तर शास्त्रपाठ इंग्रजी लिपीत मोठ्या अक्षरात टाइप करून आठवडाभर आधी पाठवा. पोरगी 'धार्मिकते'ला अडखळेल, दुसऱ्यांदा अडखळेल, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकांनी मोठ्याने दुरुस्त करायचं नाही, हे काकांना आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा. आणि कमिटीत दोन तरुण घ्या, मत देण्याच्या अधिकारासकट, नुसत्या खुर्च्या लावायला नको.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाहीये. तुमच्यातली किती कुटुंबं रविवारी आपापल्या जवळच्या चर्चला जातात? पत्रावरून वाटतंय की मराठी सभा हीच बऱ्याच जणांची एकुलती एक मंडळी झालीय, आणि मग साहजिकच सगळ्या अपेक्षा तिच्यावर येतात, प्रभुभोजन पण इथेच हवं, लग्न पण इथेच. प्रत्येक घराने एक लोकल मंडळी धरावी. नुसतं मागे बसून शेवटच्या गीताला निघून यायचं नाही, वार्षिक सभेला जायचं, तिथल्या पाळकांना विचारायचं की कोणतं काम करायला माणूस मिळत नाही, आणि ते घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी जुन्या मंडळ्यांत म्हातारी माणसंच उरलीत, तुमच्या घरातली चार माणसं आली की तिथला नूर बदलतो, खरंच सांगते. शिवाय प्रभुभोजन ज्याला त्याला आपापल्या घरी मिळालं की हॉलमधलं भांडण निम्मं तिथेच मिटतं.

आणि जानेवारीत एक करून बघा. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, १९०८ पासून चालत आलाय, दक्षिण गोलार्धात तो बऱ्याच ठिकाणी पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास करतात. त्याची उपासना व्हॅटिकन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस मिळून छापतात, म्हणजे कोणाची पद्धत वापरायची हा वाद आपोआप टळतो. त्यातली एक संध्याकाळ तुमच्या हॉलमध्ये ठेवा, प्रभुभोजनाशिवाय, थोडं मराठी थोडं तिथल्या भाषेत, आणि सगळ्यांच्या लोकल पाळकांना आणि फादरना बोलवा. आमंत्रण नोव्हेंबरमध्येच द्या, नाताळच्या धावपळीत कोणी फोन उचलत नाही.