चवथीआधी जुना रंग काढताना

प्रश्न : आमचं फोंडा तालुक्यातलं जुनं राजांगणाचं घर आहे. खिडक्यादारांवर ऑइल पेंटचे थरच्या थर चढलेत, वर हिरवा, खाली पिवळा, त्याखाली पांढरट. यंदा चवथीला सगळं कुटुंब इथे जमणार म्हणून दीर म्हणाले सगळा रंग मुळापासून काढू आणि लाकडाला पॉलिश करू. एका खोलीत ग्राइंडर लावला तर घरभर पिवळसर धूळ बसली. आता शेजारी सांगतात जुन्या रंगात शिसं असतं. घरात दीड वर्षाचा नातू आहे, धाकटी सून गरोदर आहे. काय करावं?

उत्तर : ताई, ग्राइंडर आजच्या आज बंद करा. शेजारी बरोबर बोलतायत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते कितीतरी जास्त असू शकतं, त्यात पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा हे जास्त संशयाचे, कारण त्यांच्यात लेड क्रोमेट नावाचं पिवळं पिगमेंट घालायचे. खात्री हवी तर सगळे थर येतील असा एक टवका काढून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून घ्या. तोवर शिसं आहे असंच धरून चला.

रंग घट्ट बसलेला असेल तोवर फारसा त्रास देत नाही, त्रास सुरू होतो त्याची धूळ झाली की. रांगतं मूल जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं, आणि पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो तर लहान मुलाच्या अंगात जवळपास अर्धा. वरून काहीच दिसत नाही, पोर खेळतं, जेवतं, पण मेंदूच्या वाढीवर परिणाम होत राहतो आणि तो नंतर भरून काढता येत नाही. सुनेच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं. म्हणून दोघांना घर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत दुसरीकडे पाठवा, सुनेच्या माहेरी किंवा कुठेही, दोघांच्याही डॉक्टरांना काय झालं ते सगळं सांगा आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या. ‘आजारी दिसत नाही’ म्हणून ही टेस्ट टाळू नका. नाचणीची तिजाण, पालेभाज्या, दूध हे चालू ठेवा, कॅल्शियम आणि लोह कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं, पण हा टेस्टला पर्याय नव्हे.

आता धूळ. झाडू अजिबात मारू नका, साधा व्हॅक्युम क्लीनरही नको, त्यातून बारीक कण परत हवेत येतात. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, दुसऱ्या बादलीत पिळा, पाणी वरचेवर बदला, खिडकीची चौकट आणि जमिनीचे कोपरे दोनतीनदा पुसा. खेळणी धुवा, त्या खोलीतल्या चादरी वेगळ्या धुवा.

राहिलेल्या खिडक्यांचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की चवथीसाठी सगळा रंग काढायची गरज नाही. घट्ट असेल तिथे ओलं करून हलकंसं घासा आणि वरून नवीन रंग द्या. मात्र पावसात लाकूड फुगून खिडकी घासते ना, त्या कडांवर रोज उघडझाप करताना धूळ पडत राहते, त्या कडा तेवढ्या नीट करायलाच हव्यात. झडपा बिजागरातून काढून बाहेर पडवीत न्या, खाली जाड प्लास्टिक अंथरा, पाण्याचा फवारा मारत मारत खरवडा, सुकं कधीच नको. बर्नर तर मुळीच लावू नका, त्या उष्णतेने शिशाचा धूर होतो. रुमाल बांधून काही होत नाही, निदान एन-९५ मास्क हवा आणि तो तोंडाला घट्ट बसायला हवा. कामाला पेंटर लावलात तर त्यालाही मास्क तुम्हीच द्या, आणि आंघोळ करून कपडे बदलूनच घरी जायला सांगा, त्याच्याही घरी पोरं असतील आणि ही धूळ कपड्यांवरून त्यांच्यापर्यंत जाते.

आणखी एक, हे आपल्याकडे हमखास होतं : जुनी मोडकी झडप भाणाखाली, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळायला जाते आणि राख माडाच्या मुळात. रंगवलेलं लाकूड जाळू नका. शिसं जळून नाहीसं होत नाही, थोडं धुरातून जातं, बाकीचं राखेत उरतं आणि तिथून मातीत. खरवडलेला रंग, प्लास्टिक, फडकी सगळं दुहेरी पिशवीत घट्ट बांधा आणि घातक कचरा म्हणून कुठे द्यायचं ते पंचायतीत विचारा, परसात पुरू नका.

प्रश्न : आमच्या डिचोलीच्या घराच्या भिंतींना नुसता चुना आहे आणि गेटला तांबूस प्रायमर. तिथेही शिसं असेल का?

उत्तर : नुसत्या चुन्यात शिशाची भीती नाही, पण मध्ये कधी ऑइल पेंटचा पट्टा मारला असेल तर त्यात शिसं आहे असंच धरा. गेटचा तांबूस प्रायमर बहुतेक रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा. भगव्या-शेंदरी रंगाचा जुना प्रायमर दिसला तर मात्र तो शिशाचा असू शकतो, आणि २०१७चा नियम घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांपुरता आहे, कारखान्यातल्या कामाच्या रंगांना नाही, तेव्हा गेट अलीकडे रंगवलं असेल तरी कुठला डबा वापरला ते वेल्डरला विचारा आणि मगच पॉलिश पेपर हातात घ्या.