जॉन सीनाचा रॅप अल्बम खरंच चांगला आहे की नुसता नावावर खपला? ऐकायचाच झाला तर सुरुवात कुठून करू?

नावावर खपला. आणि चांगलाही आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे आमच्या आतेभावाला अजून पटलेलं नाही, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

खपाचं आधी उरकतो. सीना हा डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा पहिलवान. ३ एप्रिल २००५ ला रेसलमेनिया २१ या तिच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात त्याने तेव्हाचा चॅम्पियन जेबीएलला हरवून पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप घेतली आणि १० मेला हा अल्बम, 'यू कान्ट सी मी', बाजारात आला. पहिल्या आठवड्यात भरपूर प्रती गेल्या आणि अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बम-खपाच्या यादीत थेट १५ व्या नंबरावर आला. कमरेला चॅम्पियनचा पट्टा नसता तर एवढ्या गेल्या असत्या का? नसत्या. कंपनीच्या मालकांना, मॅकमहनना, धंदा कळायचा, विषय संपला.

आता चांगला आहे का, ते.

मी तेव्हा नववीत, सांगलीत. टेन स्पोर्ट्सवर रात्री कुस्त्या बघायच्या आणि सकाळी वर्गात बाकावर त्याच करायच्या, हा दिनक्रम. (आम्ही सगळे तेव्हाही 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'च म्हणायचो, नाव बदलून तीन वर्षं झाली होती तरी.) गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्याला मस्का मारून अल्बमची एमपी३ सीडी करून घेतली. दिवाळीत आत्या भाऊबीजेला माहेरी आली, बरोबर दादा. पुण्यात इंजिनिअरिंगला होता, दुसरं वर्ष. कानात कायम हेडफोन, तोंडात कायम एमिनेम आणि टुपॅक हे अमेरिकन रॅपर. मी मोठ्या कौतुकाने सीडी लावली. त्याने दीड गाणं ऐकलं आणि म्हणाला, "हा पहिलवान आहे रे. कोणीतरी लिहून दिलंय, हा नुसता ओरडतोय."

हे 'लिहून दिलंय' माझ्या डोक्यात गेलं ते आजतागायत उतरलेलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रॅप हे सीनाला कंपनीने चिकटवलेलं सोंग नव्हतं. २००२ च्या जूनमध्ये तो कर्ट अँगल या नावाजलेल्या पहिलवानासमोर पहिल्यांदा उतरला तेव्हा रंगीत चड्डी घातलेला एक बिनचेहऱ्याचा पोरगा होता, आणि काही महिन्यांत त्याची नोकरी जायची वेळ आली होती. परदेश दौऱ्यावर बसमध्ये मागच्या बाकावर पोरं टाइमपास म्हणून यमकं जुळवत होती, त्यात हा घुसला आणि मालकांची मुलगी स्टेफनी मॅकमहनने ते ऐकलं. तो स्वतः मुलाखतींमध्ये हे सांगतो. त्यावर्षीच्या हॅलोविनला व्हॅनिला आइस या रॅपरचा वेश करून त्याने टीव्हीवर रॅप केला आणि तिथून गाडी रुळावर आली. २००३ च्या रेसलमेनियात जे-झी आणि फॅबोलस हे रॅपर मिळाले नाहीत म्हणून त्यांचे पुठ्ठ्याचे कटआउट उभे करून त्यांनाच सुनावलं. हास्यास्पद होतं, पण माइक हातात आणि हजारो लोक समोर असताना हे करायला जिगर लागते. अल्बमसुद्धा त्याने एकट्याने नाही केला, नात्यातला भाऊ मार्क प्रेडका, म्हणजे ट्रेडमार्क, जवळपास प्रत्येक गाण्यात बरोबर आहे. शब्द या दोघांचे. भाऊ भावाबरोबर रॅप करतो, आणि आमच्याकडे भाऊ भावाची सीडी बंद करतो.

तर त्या संध्याकाळी भारनियमन. आख्खं घर गच्चीवर, चुलत-आते मिळून दहाबारा पोरं, फराळाची ताटं. दादा म्हणाला, "एवढं सोपं वाटतं ना, तू करून दाखव." त्याला वाटलं मी लाजेन. मी दुपारी त्याच्या सॅकमधून सीडीचा पाऊच काढताना एक कागद बघितला होता. उठलो, पत्र्याच्या डब्यावर धाकट्या बहिणीला ठेका धरायला लावला आणि म्हणालो:

इंग्रजी मारतो फाडफाड, एमिनेमचा भक्त,
एम-वनच्या पेपरावर लाल शाई फक्त!

गच्ची कोसळायची बाकी राहिली. हसली नाही ती एकटी आत्या, कारण एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर, राहिलाय हे तिला त्या क्षणी कळलं. पुढचं सांगत नाही, दादाचा संसार आहे आता. माझं म्हणणं एवढंच की समोरच्याचं वर्म शोधायचं, लोकांसमोर दोन ओळींत बसवायचं आणि माइक खाली ठेवायचा, हे मी टुपॅककडून शिकलो नव्हतो. सीनाकडून शिकलो होतो. मराठीत जमलं, म्हणजे त्यात काहीतरी होतंच ना?

पण दादा हरला तरी मानत नाही. २००८ मध्ये त्याने मला ऑर्कुटवर स्क्रॅप टाकला की बघ, तुझ्या सीनावर केस झाली. झाली होती, खरं आहे. अल्बममधल्या 'द टाइम इज नाऊ' या गाण्यात एम.ओ.पी. या न्यूयॉर्कच्या रॅपर जोडीच्या 'अँटी अप'मधला तुकडा आहे, त्यावरून त्यांनी सीना आणि डब्ल्यूडब्ल्यूईवर दावा ठोकला. त्याच वर्षी त्यांनी तो मागेही घेतला. तो स्क्रॅप मात्र कधी आला नाही. आणि ज्या तुताऱ्या ऐकून आज जगभरची पोरं 'पॅं पॅ रॅ पॅं' करतात, त्या पीट स्कोफिल्डच्या वाद्यवृंदाच्या १९७४ च्या एका रेकॉर्डवरून घेतल्या आहेत. हिपहॉपमध्ये सगळे जुन्यातूनच उचलतात, दादाचे देवसुद्धा. कुठून उचललं आणि त्याचं काय केलं, एवढंच बघायचं. गाण्याचं संगीत करणाऱ्या जेक वनने त्या तुताऱ्यांचं जे केलं त्यावर सीना २००५ पासून २०२५ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त होईपर्यंत रिंगमध्ये येत राहिला. स्टेडियम त्याच चालीवर त्याला शिव्याही घालायचं. ज्या गाण्यावर आवडणारे आणि न आवडणारे दोघेही गातात, ते वाईट कसं?

पहिलवानाचा वाईट रॅप ऐकायचाच असेल तर रँडी सॅव्हेजचा २००३ चा 'बी अ मॅन' हा अल्बम ऐका. माणूस रिंगमध्ये आणि माइकवर बाप होता, पण बीटवर चढला की श्वास आणि शब्द यांची ताटातूट. अल्बमच्याच नावाचं गाणं आख्खं हल्क होगन या दुसऱ्या पहिलवानाला धुण्यासाठी. राग खरा आहे, रॅप नाही. 'पहिलवानांनी गाऊ नये' म्हणणारे बहुतेक हा अल्बम ऐकून बोलतात आणि सीनाला त्याच पोत्यात भरतात.

सुरुवात कुठून? 'द टाइम इज नाऊ' तुम्ही ऐकलेलंच असणार. मग 'बॅड, बॅड मॅन', त्यात बंपी नकल्स आहे, म्हणजे फ्रेडी फॉक्स, जुना खमका रॅपर गडी. त्याच्यासमोर सीना उभा राहतो, झाकोळत नाही. व्हिडिओही बघा, 'ए-टीम' या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेची टर आहे. मग थेट शेवटचं 'इफ इट ऑल एंडेड टुमॉरो'.

आता थोडं दादाच्या बाजूनेही. सतरा गाणी आहेत, आठ-नऊच पुरली असती. 'समर फ्लिंग्ज' आणि 'रनिंग गेम' आज ऐकताना बायकांबद्दलचा सूर टोचतो. शिव्या आहेत, एका गाण्याच्या नावातच आहे, तेव्हा घरात स्पीकरवर लावू नका. आणि हो, ट्रेडमार्क बऱ्याच ठिकाणी सीनापेक्षा सरस आहे. पुढे २००८ मध्ये कंपनी पोरांसाठी सोज्वळ झाली, सीनाचा रॅपही पातळ झाला, दुसरा अल्बम आलाच नाही. त्यामुळे पुढे तो किती सुधारला असता यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आम्ही घालतो ते सोडा.

तुमच्या ओळखीत कोणी 'हे खरं हिपहॉप नाही' म्हणणारा असेल तर त्याला नाव न सांगता 'फ्लो ईझी' ऐकवा आणि कोण आहे ते विचारा. मी गेल्या गणपतीत दादाला ऐकवलं. म्हणाला, "नव्वदच्या दशकातला कोणीतरी न्यूयॉर्कचा, बरा आहे." साक्षीदार आत्या.