भाड्याचं घर सोडताना स्मार्ट स्पीकर, कॅमेरा रीसेट केला की डेटा जातो का?

तुमचा प्रश्न असा, की अंधेरीच्या फ्लॅटचं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय, स्पीकर आणि कॅमेरा विकायचाय, टीव्ही घरमालकाचा आहे. सगळं रीसेट करून दिलं की झालं का?

नाही झालं. रीसेटने हातातली वस्तू कोरी होते. रेकॉर्डिंग असतं खात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, आणि ते तिथेच राहतं. मी कॅमेरे-राऊटर बसवायचं काम करतो. लोक हमखास उलट करतात: आधी पिन टोचून रीसेट, मग मोबाइलमधून ॲप उडवायचं. आधी खात्यातलं पुसा, मग खात्यातून वस्तू काढा, रीसेट शेवटी. बरेच कॅमेरे जुन्या खात्याला बांधलेले राहिले तर दुसऱ्याला जोडताच येत नाहीत, आणि मग घेणारा तुम्हालाच फोन करत बसतो.

ॲमेझॉनचा अलेक्सा स्पीकर असेल तर ॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आवाजाचं रेकॉर्डिंग सापडेल. मुदत घातली नसेल तर ते आपोआप जात नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने ॲमेझॉनला यावरूनच धरलं होतं: मुलांचे आवाज साठवून ठेवले, पालकांनी पुसायला सांगूनही सगळं पुसलं नाही. अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढून स्वतःकडेच ठेवा. नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डातून फायली परत काढता येतात, आणि दोन-चारशे रुपयांसाठी घरातलं चित्रण कोण देतं? क्लाउड प्लॅन असेल तर क्लिपा पुसून ऑटो-पेही बंद करा.

टीव्हीकडे कुणाचं लक्षच नसतं. यूट्यूबमधून लॉगआउट कराच, पण अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय तेही ओळखून कळवतात, अगदी सेट-टॉप बॉक्सवरचं चॅनेलसुद्धा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ अशा नावाने ते सेटिंग असतं. नव्या घरी टीव्ही घ्याल तेव्हा पहिल्या दिवशीच हे सेटिंग बंद करा.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती मागे घेतली किंवा काम संपलं की डेटा पुसायचा. दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग असेल तेवढाच ठेवायचा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत. तोवर कंपनीच्या भरवशावर राहू नका.

आणि सोसायटीच्या गेटवरचं ॲप? तुमच्याकडे कोण आलं, बाई किती वाजता आली, गाडीचा नंबर, सगळं त्यात असतं. सेक्रेटरी फक्त फ्लॅटवरून तुमचं नाव काढतो. खातं बंद करून डेटा पुसा, असं ॲपवाल्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळं ईमेल करा. पत्ता त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत अगदी तळाशी असतो.