विमानं पाडण्याच्या आकड्यांपलीकडे आठवावा असा मराठी फायटर पायलट कोण?

तुम्ही विचारलंय की युद्धात पदक मिळवलेला असा एखादा मराठी लढाऊ वैमानिक सांगा, ज्याची गोष्ट ‘इतक्या मोहिमा, इतकी विमानं’ एवढ्यावर संपत नाही. मला एकच नाव सुचतं, ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर. मी हवाई दलात कधी नव्हतो. पुण्यातल्या लोहगाव हवाई तळाच्या कुंपणाला सायकल टेकवून विमानं बघत उभं राहणाऱ्या पोरांपैकी एक, तेव्हा तेवढ्याच अधिकाराने लिहितोय.

पारुळकर १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी म्हणून रुजू झाले. दोनच वर्षांनी १९६५ चं युद्ध आलं. ते हंटर जातीचं लढाऊ विमान उडवत होते. एका मोहिमेत खालून आलेला गोळीबार विमानाला लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. इजेक्ट व्हायचा, म्हणजे विमान सोडून पॅराशूटने उतरायचा सल्ला मिळाला होता, तरी त्यांनी विमान तळावर परत आणलं. वायुसेना पदक मिळालं ते यासाठी. उजवा हात म्हणजे स्टिक, विमान वळवायची दांडी, धरायचा हात, हे लक्षात घेतलं की त्या प्रसंगाचं वजन कळतं.

१९७१ पर्यंत ते सुखोई-७ वर आले होते. आता लोहगावच्या आकाशात दिसणाऱ्या सुखोई-३० चं आणि त्याचं नाव सोडलं तर फारसं काही जुळत नाही. सुखोई-७ एका इंजिनाचं, दणकट, वेगवान, पण इंधन भसाभसा पिणारं. त्याचं मुख्य काम जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करणं, म्हणजे खाली उतरून विमानविरोधी तोफांच्या तोंडावरून जाणं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पडलं. ते इजेक्ट झाले आणि पकडले गेले.

युद्धाआधीच त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं की कधी पाडला गेलो तर मी पळून येणार. असं बोलणारे पुष्कळ असतात. हे गृहस्थ रावळपिंडीच्या कॅम्पात पोचल्यावर खरोखरच त्या उद्योगाला लागले.

कॅम्पात १२ भारतीय वैमानिक होते. कॅम्पाचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद माणूस म्हणून चांगला होता. नाताळाला त्याने कैद्यांना केक आणून दिला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे कोणालाही प्रश्न पडेल की पळायचं कशाला? भारताकडे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी होते, जुलै १९७२ मध्ये शिमला करारही झाला होता. आज ना उद्या सुटका ठरलेली. मलाही आधी हे निव्वळ धाडसाचं वेड वाटायचं. पण ती ‘उद्या’ कधी उजाडणार हे त्या खोलीत बसलेल्याला कोणी सांगत नव्हतं. शिवाय जिनिव्हा करार पळू पाहणाऱ्या युद्धकैद्याला गुन्हेगार धरत नाही. पकडला तर शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. सैनिकाच्या दृष्टीने पळून जाण्याचा प्रयत्न हा ड्यूटीचाच भाग.

पारुळकरांबरोबर मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तयार झाले. खोलीच्या भिंतीत रोज रात्री थोडं थोडं करत माणूस सरपटून जाईल एवढं भोक पाडायचं, निघालेला राडारोडा पलंगाखाली दडवायचा, बाहेरचा गिलावा मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत तसाच ठेवायचा. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. जी-सूटमधल्या, म्हणजे वैमानिकाच्या खास पोशाखातल्या, रबरी पिशव्या पाण्यासाठी ठेवल्या. अंगात घालायला पठाणी कपडे. नकाशा एका ॲटलासमधला. आपण तुळशीबागेत जाताना यादी करतो तशा निवांतपणे हे सगळं महिनोन्महिने चाललं होतं.

१२ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे १३ उजाडता उजाडता, ते निघाले. शनिवारची रात्र आणि १४ ला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे पहाऱ्याला सैलपणा असणार हा हिशोब. त्यात वादळ उठलं, पाऊस आला. आवारातला चौकीदार खाटेवर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. भिंत ओलांडून तिघं मॉल रोडवर उतरले आणि शेवटचा सिनेमा सुटून घरी चाललेल्या गर्दीत मिसळले. मग पेशावरची बस. तिथून पुढे खैबर खिंडीच्या रस्त्याने, बसच्या टपावर बसून, लंडी कोतल. सकाळी ते तिथे होते. अफगाण सरहद्द उरली होती जेमतेम ७-८ किलोमीटर.

आणि इथे ॲटलासने दगा दिला. त्यात लंडी कोतलच्या पुढे ‘लंडी खाना’ नावाचं रेल्वे स्टेशन दाखवलेलं. तिघांनी रस्ता विचारताना तेच नाव घेतलं. पण लंडी खान्यापर्यंतची रेल्वे इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केलेली! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची वाट विचारणारी ही माणसं कोण, म्हणून तहसीलच्या एका कारकुनाने हटकलं. त्याचा पहिला संशय भारतीय असल्याचा नव्हताच. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. त्याला हे तिघं बंगाली वाटले.

तिघांनी आधीच ठरवलेली नावं सांगितली. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे, लाहोरहून रजेवर फिरायला आलोय. पारुळकर झाले फिलिप पीटर, ग्रेवाल अली अमीर, सिंहजी हॅरॉल्ड जेकब. दोघांनी ख्रिस्ती नावं घेतली, कारण नमाज-कलम्याची परीक्षा झाली असती तर पंचाईत. पाकिस्तानी हवाई दलात ख्रिस्ती होतेच, त्यामुळे बतावणी बरी होती. पण टिकली नाही. तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं.

आता माझ्या मते या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा क्षण येतो, आणि तो आकाशात नाही. टोळीवाल्यांचा मुलूख. आपण भारतीय आहोत म्हणावं तर हेर समजून गोळी घालतील, नाही म्हणावं तर पळपुटे बंगाली म्हणून तेच. पारुळकरांनी तहसीलदाराला सांगितलं की पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे त्यांच्या खास सहायक अधिकाऱ्याला, फोन लावून द्या. तो एडीसी म्हणजे उस्मान हमीद. कॅम्पावरून त्याची तिकडे बदली झाली होती. फोनवर उस्मानला चटकन उमजलं की हे तिघं कोण आणि कुठून बोलताहेत. त्याने तहसीलदाराला सांगितलं की ही आमचीच माणसं आहेत, ताब्यात ठेवा, पण हात लावू नका.

भिंत फोडायला चिकाटी लागते, ती बऱ्याच जणांकडे असते. पण बेत फसलाय हे कळल्याबरोबर, पळून चाललोय त्याच हवाई दलातला भला माणूस आठवणं, तो आता कुठल्या खुर्चीवर आहे हे माहीत असणं आणि त्याच्याच आसऱ्याला जाणं, हे सुचायला फायटर पायलटचंच डोकं हवं. त्या फोनने तिघांचे प्राण वाचले असं मी बेधडक म्हणेन. उस्मान हमीदचाही त्यात तेवढाच वाटा, हे आपल्याकडे सांगताना अनेकदा गाळलं जातं.

नंतर शिक्षा झाली, एकांतवास झाला, मागे राहिलेल्या सोबत्यांनाही त्रास झाला. मग सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. त्याच गावाला आता फैसलाबाद म्हणतात. १ डिसेंबर १९७२ ला ते वाघ्यावरून परत आले. सुटकेच्या या प्रयत्नासाठी पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. फसलेल्या बेताला पदक!

पुढे ते फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते, आणि खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, बटालियन कमांडर. निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये, पलायनाच्या त्या १३ तारखेच्या तीनच दिवस आधी, ते गेले.

परवा फोनवर नकाशा उघडून मी लंडी कोतलपासून अफगाण सरहद्दीवरच्या तोरखमच्या नाक्यापर्यंतचं अंतर मोजलं. पुण्यातल्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपलं रोज याहून जास्त जाणं होतं.