बाटलीतल्या मनीप्लांटला खत किती?

कमी. तुम्हाला वाटतंय त्याहूनही कमी. कुंडीत जास्तीचं खत माती थोडंफार सांभाळून घेते. पाण्यात ते थेट मुळांना लागतं. मुळांची टोकं तपकिरी आणि बुळबुळीत झाली, तर खत पूर्ण बंद करा, मुळं धुवा आणि साध्या पाण्यात ठेवा.

सुरुवातीला १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) चालेल. लिटरभर पाण्याला पाव ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, तेही महिन्यातून एकदा. मात्र त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि नुसत्या पाण्यात तो झाडाला नीट मिळत नाही. जमलं तर हायड्रोपोनिक्सचं (मातीविना, पाण्यात झाडं वाढवण्यासाठीचं), कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं द्रवखतच आणा, आणि डब्यावरच्या मात्रेच्या चौथाई घाला. आरओचं पाणी वापरत असाल तर हेच घ्या, कारण त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच.

चहाचा चोथा, केळ्याच्या साली, शेणखत यांतलं काहीही बाटलीत नको. सडतं, वास येतो, वर डास!

दर आठवड्या-दहा दिवसांनी पाणी पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. काच हिरवी होत असेल तर बाटलीला कागद गुंडाळा. नुकत्याच लावलेल्या फांदीला मुळं बोटभर होईपर्यंत खत नकोच.