सांडपाण्यातलं क्लोराइड: केंद्रात निघत नाही, आधीच अडवावं लागतं

प्रश्न: शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी आम्ही द्राक्ष आणि लिंबाच्या बागेला देतो. पानांची टोकं करपताहेत. तपासणीत क्लोराइड 280 मिलिग्रॅम प्रतिलिटर आलं. पाणी तळ्यात साठवलं किंवा जिप्सम टाकलं तर ते कमी होईल का? शहराकडे काय मागावं?

उत्तर: दोन्हींनी होणार नाही. तळ्यात उडून जातो तो निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन. क्लोराइड हा मिठाचा अंश. पाण्याची वाफ होते, ते मागेच राहतं आणि तीव्रता वाढते. जिप्सम जमिनीतलं सोडियम हटवतं, क्लोराइड नाही. त्यासाठी जिप्समवर खर्च करू नका.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या निकषांनुसार पाटपाण्यात क्लोराइड साधारण 140 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर अडचण नाही. 355 च्या पुढे धोका गंभीर. तुमचं पाणी मधल्या पट्ट्यात आहे आणि तुमची दोन्ही पिकं नाजूक. तुषार सिंचनात पानंच ते शोषतात, तिथे 106 च्या वरच जपावं लागतं.

आता शहराचं. सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत, म्हणून केंद्रात आलेलं क्लोराइड जसंच्या तसं बाहेर पडतं. आरओने ते निघतं, पण मागे उरणाऱ्या खारट पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न लहान शहराला केंद्रापेक्षाही जड जातो. म्हणून मागणी एकच ठेवा: मीठ गटारात जाण्याआधीच अडवा.

पाणी जड असलेल्या ठिकाणी बऱ्याचदा मोठा वाटा पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रांचा निघतो. ही यंत्रं अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावी लागतात. एक किलो मिठात सुमारे 600 ग्रॅम क्लोराइड असतं आणि यंत्र धुताना ते सगळं गटारात जातं. घड्याळावर चालणारं यंत्र गरज नसतानाही मीठ ओततं. पाण्याच्या वापरावर चालणारं यंत्र कमी मिठात भागवतं. पुरवठ्याचं पाणी जड असेल, तर शहराने ते एकाच ठिकाणी चुन्याने मऊ करावं, म्हणजे घरोघरी मीठ लागणार नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात 2008 मध्ये मतदारांनी मिठाचे असे सॉफ्टनर काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. खालच्या बाजूला स्ट्रॉबेरी आणि अॅव्होकॅडोची शेती होती. फॉस्फरस काढण्यासाठी केंद्रात फेरिक क्लोराइड वापरत असतील, तर फेरिक सल्फेट चालेल का, हेही विचारा.

केंद्राकडून दैनंदिन भार मागा, नुसती तीव्रता नको. उदाहरणार्थ, रोज 50 लाख लिटर पाणी आणि लिटरमागे 280 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 1,400 किलो क्लोराइड. घरांनी पाणी वाचवलं की तीव्रता वाढते, भार तोच राहतो. उगाच केंद्राला दोष जातो. पुरवठ्याच्या पाण्यातलं क्लोराइड त्यातून वजा करा, उरलेलं शहराने घातलेलं.

तोपर्यंत शेतात: म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत बंद, कारण त्यात जवळपास निम्मं क्लोराइडच, सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. ठिबक ठेवा, पानं भिजू देऊ नका. क्लोराइड मातीला चिकटत नाही, म्हणून निचरा चांगला असेल तर पाऊस किंवा गोडं पाणी ते मुळांखाली ढकलतं. निचरा नसेल तर आधी चर काढा. नवी द्राक्षबाग लावताना डॉगरिजसारखा क्षार सोसणारा खुंट घ्या.

केंद्राच्या पाण्याचा नमुना एका वेळचा नको. सॉफ्टनर बहुधा रात्री धुतले जातात. दर तीन तासांनी, पूर्ण 24 तास नमुने घ्या आणि पहाटेच्या बाटल्या वेगळ्या तपासा.